फ्रीलान्सची कमाई ३४ लाखांच्या घरात, १५ मार्च तोंडावर: कर नेमका किती भरायचा?

कळफलक

२०२५-२६ या आर्थिक वर्षाचा हिशेब मांडतोय आणि काही ठिकाणी अडलोय. काम वेब डेव्हलपमेंटचं. नोकरी नाही, भागीदारी नाही, सगळं एकट्याच्या पॅनवर. मार्चअखेरचा अंदाज धरून आकडे असे आहेत.

भारतातल्या ग्राहकांची बिलं ९,००,०००. सगळेच १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापतात, म्हणजे वर्षाचे ९०,००० होतात. पण २६एएसमध्ये (आयकर खात्याकडे नोंदलेल्या टीडीएसचं पत्रक) आत्ता ६१,०००च दिसताहेत. परदेशी ग्राहकांचं काम एका प्लॅटफॉर्ममार्फत येतं, त्याचे बँकेत २३,४०,००० जमा झाले. एफडी आणि बचत खात्याचं व्याज ४०,०००. रोखीने काहीच नाही. शेअर, म्युच्युअल फंड यंदा विकलेले नाहीत.

खर्च लॅपटॉप, सॉफ्टवेअर, इंटरनेट, कोवर्किंगची जागा मिळून साडेचार लाख. घरभाडं महिना २०,०००. पीपीएफमध्ये दीड लाख, एनपीएसमध्ये ५०,०००, स्वतःचा आणि आईवडिलांचा आरोग्य विमा आहे. आईवडील दोघंही साठीच्या पुढचे.

४४एडीए (जमेच्या ५० टक्के नफा धरून कर भरायची सोय) घ्यावं का? जुनी करप्रणाली बरी की नवी? १५ मार्चला किती भरायचे? आणि दर वर्षी मार्चमध्ये धावपळ होऊ नये म्हणून पैसे बाजूला कसे काढत जावे? जीएसटी नोंदणी केलेली नाही, कारण भारतातली बिलं २० लाखांच्या बरीच खाली आहेत.

ताळेबंद

आधी जमेचा आकडा दुरुस्त करा. बँकेत आलेले २३,४०,००० ही तुमची जमा नव्हे. प्लॅटफॉर्मने स्वतःचं कमिशन आणि चलन बदलण्याचा आकार कापून उरलेले पैसे पाठवलेत. ४४एडीएमध्ये ५० टक्के काढायचे ते एकूण जमेवर, कमिशन वजा करण्याआधीच्या रकमेवर. कमिशन हा तुमचा खर्च आहे आणि सगळे खर्च उरलेल्या ५० टक्क्यांत आले असंच कायदा धरतो. प्लॅटफॉर्मवरून वर्षाचं स्टेटमेंट उतरवून घ्या आणि ग्राहकाने दिलेली पूर्ण रक्कम बघा.

कळफलक

बघितलं. ग्राहकांनी दिलेले पूर्ण २५,००,००० होतात. कमिशन आणि बाकी कापाकापी १,६०,०००.

ताळेबंद

मग एकूण जमा ३४,००,०००. आता क्रमाने घेऊ.

४४एडीए तुम्हाला लागू होतं. माहिती तंत्रज्ञान हा त्यातल्या अधिसूचित व्यवसायांपैकी एक आहे. मर्यादा ५० लाखांची, पण रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत. अकाउंट पेयी नसलेला चेकही रोखीतच मोजतात, एवढं ध्यानात असू द्या. तुमचा खरा खर्च साडेचार लाख अधिक कमिशन, म्हणजे सहा लाखांच्या आसपास. वह्या ठेवून खरा नफा दाखवला तर तो २७ लाखांच्या पुढे जातो. ४४एडीएमध्ये तो १७ लाख धरला जातो. विचार करण्यासारखं काही उरतच नाही.

उत्पन्न १७,००,००० आणि व्याज ४०,००० मिळून १७,४०,०००. नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर शून्य, ४ ते ८ वर ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४०,०००, १२ ते १६ वर १५ टक्के म्हणजे ६०,००० आणि वरच्या १,४०,००० वर २० टक्क्यांनी २८,०००. बेरीज १,४८,०००. त्यावर ४ टक्के सेस ५,९२०. एकूण १,५३,९२०. नोकरदारांची ७५,००० ची प्रमाणित वजावट तुम्हाला नाही, ती फक्त पगारावर मिळते. दर वर्षी कुणी ना कुणी ती धरून बसतं.

जुन्या प्रणालीत ८०सीचे (पीपीएफ) दीड लाख, एनपीएसचे जादा ५०,०००, विम्याचे स्वतःचे २५,००० आणि ज्येष्ठ आईवडिलांचे ५०,००० (हप्ते तेवढे असतील तर), भाड्यासाठी ८०जीजीचे ६०,०००. सगळं मिळून ३,३५,०००. उरले १४,०५,०००. त्यावर कर २,३४,०००, सेस धरून २,४३,३६०. नवी प्रणाली जवळजवळ ९० हजारांनी स्वस्त पडते. तुमच्या या उत्पन्नाला जुनी प्रणाली परवडायची तर वजावटी ६,२१,००० च्या पुढे जायला हव्यात. मोठ्या गृहकर्जाशिवाय तेवढ्या होत नाहीत.

नवी प्रणाली आपोआप लागू असते, तिच्यासाठी वेगळा फॉर्म नाही. १०-आयईए भरायचा तो जुनी हवी असेल तरच. व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला मात्र दर वर्षी उलटसुलट करता येत नाही. एकदा जुनीत गेलात की परत नवीत येण्याची संधी एकदाच मिळते, आणि व्यवसायाचं उत्पन्न चालू आहे तोवर पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. थोड्या फायद्यासाठी ही संधी खर्चू नका.

आता १५ मार्च. १,५३,९२० मधून ९०,००० टीडीएस वजा केला की ६३,९२० उरतात. १०,००० किंवा जास्त उरत असतील तर ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आत भरायचा कर, लागतो. इतरांना जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे चार हप्ते असतात. ४४एडीए किंवा ४४एडी (धंद्यासाठीची तशीच सोय) घेणाऱ्याला एकच, पूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत. यंदा १५ तारीख रविवारी आहे, तेव्हा शुक्रवारीच भरून मोकळे व्हा. शेवटच्या दिवशी पोर्टल आणि बँक दोन्ही रेंगाळतात.

चुकलं तर काय होतं तेही सांगतो, म्हणजे घाबरून कर्ज काढून भरायची वेळ येणार नाही. १५ मार्च हुकली पण ३१ मार्चच्या आत भरले, तर तो ॲडव्हान्स टॅक्सच धरतात. फक्त २३४सीचं (हप्ता हुकल्याचं) एक टक्का, म्हणजे ६३९ रुपये व्याज लागतं. एप्रिल उजाडला की २३४बीचं व्याज सुरू होतं, दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला १ टक्का. विवरणपत्र भरताना जुलैत भरलेत तर चार महिन्यांचे २,५५६ आणि आधीचे ६३९, मिळून ३,१९५.

२६एएसमध्ये ६१,०००च दिसतात यात काही बिघडलेलं नाही. जानेवारी ते मार्चचा टीडीएस कापणाऱ्याने ३१ मेपर्यंत कळवायचा असतो, तो जूनमध्ये दिसू लागतो. म्हणून आत्ताचा हिशेब २६एएसवरून करू नका, बिलांवरून करा. एक वही किंवा शीट ठेवा: बिल क्रमांक, तारीख, रक्कम, कापलेला टीडीएस, हाती आलेली रक्कम, ग्राहकाचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक). डिसेंबरपर्यंतच्या ओळींची टीडीएसची बेरीज ६१,००० शी जुळायला हवी. जुळत नसेल तर त्या ग्राहकाला आत्ताच लिहा. कापला आणि भरला नाही, किंवा चुकीच्या पॅनवर भरला, या दोन्हीचा निस्तार ग्राहकाच्या हिशेबनीसाकडेच होतो आणि मार्च संपल्यावर तो फोन उचलेनासा होतो.

जमाखर्च

वरचं सगळं बरोबर आहे, पण मूळ प्रश्नातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महाग पडणार आहे. जीएसटीची २० लाखांची मर्यादा फक्त भारतातल्या बिलांवर नाही. ती एकूण उलाढालीवर आहे आणि त्यात निर्यात मोजली जाते. तुमची उलाढाल ३४ लाख. २० लाख ओलांडले त्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज करायला हवा होता.

निर्यातीवर कर शून्य आहे. पण ‘कर शून्य’ आणि ‘मोजायची नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फ्रीलान्सर नेमके इथेच फसतात.

२० लाख कोणत्या महिन्यात ओलांडले?

कळफलक

नोव्हेंबरच्या मध्यावर. त्यानंतरची भारतातली बिलं साधारण ३ लाखांची.

जमाखर्च

मग अर्ज आज करा, उद्यावर ढकलू नका. वेळेत अर्ज केला असता तर नोंदणी पात्र झाल्याच्या तारखेपासून लागू झाली असती. ३० दिवस उलटून गेल्यामुळे आता ती मंजुरीच्या तारखेपासून लागू होईल. मधल्या काळातल्या ३ लाखांच्या भारतातल्या बिलांवर १८ टक्के, म्हणजे ५४,००० रुपयांची देयता मात्र तुमच्यावर आहेच, वर वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज. मंजुरीच्या आधीच्या तारखेचं कर-बिल तुम्ही देऊ शकत नाही, म्हणून ग्राहकाला त्याचं क्रेडिट (दिलेला कर स्वतःच्या करातून वळता करायची सोय) मिळत नाही, आणि क्रेडिट नाही म्हटल्यावर तो वरून पैसे द्यायला सहसा तयार होत नाही. ही रक्कम स्वतःहून डीआरसी-०३ या फॉर्मने भरा. नोटीस आल्यावर भरली तर दंड वाढू शकतो. एवढ्या एका कामासाठी जीएसटी बघणाऱ्या सीएला पैसे द्या, ते वसूल होतात.

नोंदणी मिळाली की पहिलं काम एलयूटीचं (निर्यातीसाठीचं हमीपत्र). पोर्टलवर आरएफडी-११ भरायचा, फी नाही. एलयूटी असेल तर निर्यातीची बिलं कर न भरता काढता येतात. ते ३१ मार्चला संपतं, तेव्हा मार्चमध्ये एक भरलं तरी एप्रिलचं पहिलं परदेशी बिल काढायच्या आत २०२६-२७ चं दुसरं भरावं लागेल. नोव्हेंबरपासूनच्या निर्यातीचं एलयूटी नाही म्हणून घाबरू नका. उशिराचं एलयूटी मान्य करता येतं, असं खात्याचं परिपत्रक आहे. पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा पुरावा मात्र बिलागणिक जपून ठेवा.

आणखी एक जागा अशी आहे जिथे सगळे अडखळतात. परदेशी प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि परदेशी सॉफ्टवेअरचं भाडं ही तुमच्यासाठी सेवेची आयात आहे. नोंदणी नसताना ती कंपनीच १८ टक्के लावून घेते. तुम्ही जीएसटी क्रमांक दिलात की ती लावणं थांबवते आणि तो कर तुम्हाला रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, भरावा लागतो, तोही पोर्टलवरच्या रोखीच्या खात्यातून. क्रेडिट लेजरमधून चालत नाही. वर्षाचं १,६०,००० कमिशन धरलं तर २८,८००. भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं, आणि निर्यातदार म्हणून न वापरलेल्या क्रेडिटचा परतावा मागता येतो. लॅपटॉपसारख्या भांडवली वस्तूवरचं क्रेडिट परताव्यात धरत नाहीत. ते भारतातल्या बिलांच्या करातून वळतं करायचं.

विवरणपत्रं तिमाही ठेवा. उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर ती सोय मिळते. महाराष्ट्रात जीएसटीआर-१ (बिलांचं पत्रक) तिमाही संपल्यावर १३ तारखेपर्यंत, ३बी (कराचं पत्रक) २२ तारखेपर्यंत, आणि मधल्या दोन महिन्यांत देय कर असेल तर २५ तारखेपर्यंत चलनाने. बिल एकही नसलं तरी शून्याचं विवरणपत्र भरावंच लागतं, नाहीतर दिवसाला २० रुपयांप्रमाणे विलंब शुल्क चढत राहतं.

आयकरात जमा मोजताना जीएसटी त्यात धरायचा नाही. ग्राहकानेही जीएसटी वगळूनच टीडीएस कापायचा असतो, पण त्यासाठी बिलावर कर वेगळ्या ओळीत हवा. एकत्र रक्कम लिहिली तर तो पूर्ण रकमेवर कापतो आणि २६एएसमधली जमा तुमच्या जमेपेक्षा फुगलेली दिसते.

दुभाषी

याच धाग्यात विचारते. भाषांतर आणि मजकूर-लेखन, वर्षाची जमा ११ लाख, सगळे ग्राहक १९४जे (व्यावसायिक फीवरच्या टीडीएसचं कलम) खाली १० टक्के कापतात. मलाही ४४एडीए चालेल ना? ओळखीतले सगळे तेच भरतात.

ताळेबंद

सगळे भरतात म्हणून ते बरोबर ठरत नाही. ४४एडीएची यादी ठरलेली आहे: कायदा, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, आणि अधिसूचनेने आलेले चित्रपट कलावंत, अधिकृत प्रतिनिधी, कंपनी सेक्रेटरी आणि माहिती तंत्रज्ञान. भाषांतर त्यात नाही. ग्राहक १९४जे खाली कापतो याने काही सिद्ध होत नाही, कारण टीडीएसच्या कलमाची व्याप्ती आणि ४४एडीएची यादी सारखी नाही.

काही जण मग ४४एडी घेऊन डिजिटल जमेच्या ६ टक्केच नफा दाखवतात. ते कलम धंद्यासाठी आहे. स्वतःच्या बुद्धीवर आणि कौशल्यावर चालणारं काम धंदा की व्यवसाय, हा वाद अंगावर घेऊन ११ लाखांच्या जमेवर ६६,००० नफा दाखवणं मला पटत नाही. खात्याकडे १९४जेची नोंद असताना तर नाहीच.

आणि मुळात तुम्हाला याची गरजच नाही. जमा ११ लाख आहे. एक रुपयाचाही खर्च धरला नाही तरी उत्पन्न १२ लाखांच्या खाली राहतं, आणि नव्या प्रणालीत ८७एच्या सवलतीने कर शून्य होतो. बाकीचं व्याज वगैरे धरूनही १२ लाखांच्या आत आहात ना, तेवढं बघा. आयटीआर-३ हे विवरणपत्र भरा, खरी जमा, खरा खर्च, खरा नफा दाखवा. ऑडिट लागत नाही. जमाखर्चाची साधी वही, बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट ठेवा. कापलेले १,१०,००० पूर्ण परत मिळतील.

१२ लाखांच्या थोडं वर गेलात तरी एकदम ६० हजारांचा फटका बसत नाही. १२ लाखांवर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा कर जास्त होऊ देत नाहीत. १२,१८,००० उत्पन्न असेल तर कर ६२,७०० ऐवजी १८,००० आणि त्यावर सेस. ही सवलत साधारण १२,७०,५०० पर्यंत पुरते. भांडवली नफ्यासारख्या खास दराच्या करावर मात्र ८७ए लागू नाही.

दुभाषी

वर्षभर १,१०,००० अडकून राहतात. १५जी (आपल्याला कर बसत नाही असं सांगणारा फॉर्म) देऊन कपात थांबवता येईल का?

ताळेबंद

नाही, १५जी व्यावसायिक फीला चालत नाही. कलम १९७ खाली कमी किंवा शून्य कपातीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याचा अर्ज ऑनलाइन करायचा, आधीच्या वर्षांची विवरणपत्रं आणि यंदाचा अंदाज जोडायचा. प्रमाणपत्र ग्राहकागणिक, त्याच्या टॅनवर निघतं. एप्रिलमध्येच अर्ज केला तर उपयोग. एखादा ग्राहक वर्षभरात एकूण ५०,००० च्या आतच देत असेल तर १९४जे खाली त्याने कापायलाच नको. आधी ही मर्यादा ३०,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून वाढली. जुन्या सवयीने कापणाऱ्यांना हे दाखवून द्या.

आडवाट

मूळ प्रश्नातल्या बचतीकडे कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो.

‘प्रत्येक जमेतून ३० टक्के कराला काढा’ हा सल्ला सगळीकडे फिरतो. तो ४४एडीए घेणाऱ्याच्या गणिताला धरून नाही. जमेच्या निम्म्यावरच कर लागतो. नव्या प्रणालीत ३४ लाखांच्या जमेवर तुमचा कर साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. ४० लाख जमा असेल तर ५.२ टक्के, ४८ लाखांना साडेसहा, आणि ७५ लाखांच्या टोकालाही १० टक्क्यांच्या आत. भारतातले ग्राहक १० टक्के कापूनच देतात, तिथे वेगळं काढायची गरज नाही. परदेशी जमेतून कुणी कापत नाही, तिथून ७ टक्के बाजूला काढत चला. दुसऱ्या बँकेत कराचं वेगळं खातं उघडा, त्याला यूपीआय आणि कार्ड जोडू नका, पैसे आले त्याच दिवशी वळते करा. जीएसटीचे १८ टक्के पूर्णच्या पूर्ण त्याच खात्यात. ते पैसे तुमचे नाहीतच, आणि चालू खात्यात राहिले की खर्च होतात.

मग स्वतःचा पगार ठरवा. मागच्या बारा महिन्यांत सगळ्यात कमी जमा झाली त्या तीन महिन्यांची सरासरी काढा आणि तेवढंच दर महिन्याच्या १ तारखेला घरखर्चाच्या खात्यात पाठवा. जास्तीचं आधी अडीअडचणीच्या निधीत. नोकरदाराला सहा महिन्यांचा खर्च पुरतो. तुमचं दोन-तृतीयांशाहून जास्त उत्पन्न एकाच प्लॅटफॉर्मवरून येतं, म्हणून मी नऊ महिन्यांचा म्हणेन. खातं गोठलं किंवा नियम बदलला तर एका दिवसात ओघ आटतो. हा पैसा स्वीप-इन एफडी आणि लिक्विड फंडात ठेवा, शेअरमध्ये नको.

निधी पुरा होण्याची वाट बघत विमा लांबणीवर टाकू नका. कंपनीचा गट विमा तुम्हाला नाही. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी हप्त्यात तो लावलेला नाही ना, तेवढं बघून घ्या. हात मोडला की काम थांबतं अशांसाठी अपघाती अपंगत्वाचा विमा टर्म विम्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो बहुतेक जण घेतच नाहीत.

पीपीएफ आणि एनपीएस या दोन्हींचा आता वेगळा विचार करायला हवा. नव्या प्रणालीत ८०सी नाही, एनपीएसचे जादा ५०,००० नाहीत. एनपीएसमध्ये मालकाने भरलेल्या रकमेवर तिथे वजावट मिळते, पण तुम्हाला मालकच नाही. म्हणजे तुम्ही ५०,००० दीर्घकाळ अडकवताय आणि करात त्याचं काहीच मिळत नाही. निवृत्तीची शिस्त म्हणून हवं असेल तर ठेवा, कर वाचतो म्हणून नको. खातं चालू राहायला वर्षाला १,००० पुरतात. पीपीएफचं व्याज मात्र नव्या प्रणालीतही करमुक्त आहे, म्हणून ते चालू ठेवण्यात अर्थ आहे. पैसे एप्रिलच्या ५ तारखेच्या आत टाका. व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरीपर्यंतच्या किमान शिलकेवर धरतात, सहाला टाकले तर एक महिन्याचं गेलं.

दोन-तीन वर्षांत घर घ्यायचं असेल तर आणखी एक. बँक स्वयंरोजगारीकडे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते आणि त्यातलं उत्पन्न बघते. ३४ लाख जमा असूनही कागदावर १७ लाख दिसतील. ५० टक्के ही किमान मर्यादा आहे, जास्त नफा दाखवायला कायद्याची आडकाठी नाही. किती कर्ज हवं ते आधी ठरवा आणि मग बघा.

कळफलक

नफा ५० टक्केच दाखवला आणि खात्यात मात्र त्याहून बरीच शिल्लक राहिली, तर विचारणा होईल?

ताळेबंद

होऊ शकते. एआयएसमध्ये (खात्याकडचं तुमच्या व्यवहारांचं पत्रक) तुमच्या एफडी, फंडातली खरेदी, सगळं दिसतं. पण उत्तर सरळ आहे: ३४ लाख जमा दाखवलेली आहे, तोच पैशांचा स्रोत. बिलं, प्लॅटफॉर्मचं स्टेटमेंट आणि बँकेचं स्टेटमेंट एकमेकांशी जुळत असेल तर चिंता नाही. अंगाशी येतं ते जमा लपवली तर. म्हणूनच ती १,६०,००० ची दुरुस्ती एवढी महत्त्वाची.

विवरणपत्र आयटीआर-४. त्यात जमा बँकेतून किती, रोख किती हे वेगळं विचारतात, वर्षअखेरीची हातातली रोख, येणी-देणी आणि जीएसटी क्रमांक असेल तर त्यातली उलाढालही. जीएसटीची आणि आयकराची उलाढाल वेगळी आली तर कारण टिपून ठेवा. तुमच्या बाबतीत येईलच, नोंदणी वर्षाच्या शेवटी होतेय. परदेशी शेअर, परदेशात बँक खातं, क्रिप्टो किंवा शेअरचा अल्पकालीन नफा यातलं काही असेल तर आयटीआर-३. त्यातही ४४एडीए घेता येतं, वह्या लागत नाहीत. भरून झाल्यावर ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करा.

मार्चमधल्या बिलाचे पैसे एप्रिलमध्ये आले तर? ग्राहक टीडीएस मार्चचा दाखवेल, तुमची जमा पुढच्या वर्षाची. अशा वेळी तेवढा टीडीएस यंदा मागू नका, टीडीएसच्या तक्त्यात पुढे ओढा. जमा न दाखवता टीडीएस मागितला की परतावा अडकतो. आणि पैसे हातात आल्यावर जमा धरायची, ही पद्धत एकदा ठरवलीत की दर वर्षी तीच ठेवा.

जमाखर्च

महाराष्ट्रात असाल तर व्यवसाय कराचं पीटीईसी (नोंदणी प्रमाणपत्र) काढलंय का तेही बघा. वर्षाला २,५००, मुदत ३० जून, महाजीएसटीच्या पोर्टलवर भरतात. जीएसटीच्या अर्जाबरोबरच उरकून टाका. उद्यम नोंदणीही (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असेल तर ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि थकलेल्या बिलाचा खर्चही त्याला करात लगेच वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापला की थकबाकीच्या बोलण्याचा सूरच बदलतो.

कळफलक

६३,९२० भरायला पोर्टलवर गेलोय. वर्ष कोणतं निवडू?

ताळेबंद

‘ई-पे टॅक्स’मध्ये आयकर, निर्धारण वर्ष २०२६-२७, प्रकार ॲडव्हान्स टॅक्स (१००). आर्थिक वर्ष २०२५-२६ आहे म्हणून निर्धारण वर्षही २०२५-२६ निवडणं ही नेहमीची चूक. तसं झालं तर पोर्टलवरच चलन दुरुस्तीचा अर्ज करा, पण वर्षाच्या चुकीसाठी फक्त सात दिवस मिळतात. चलनाचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि क्रमांक जपून ठेवा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय आणि त्यात ‘निर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलंय. म्हणजे निर्धारण वर्ष २०२६-२७ हे तुमच्या आत्ताच्या कमाईचं आणि कर वर्ष २०२६-२७ हे एप्रिलपासूनच्या कमाईचं. आकडे तेच, वर्षं वेगळी. एप्रिलनंतर यंदाचं काही भरायचं राहिलं, तर ते निर्धारण वर्ष २०२६-२७ खाली स्वयंमूल्यांकन कर (३००) म्हणून जाईल. पैसे भरण्याआधी ती ओळ दोनदा वाचा.